सोलो? कसला डोंबलाचा सोलो!

डोरो पेशचं नाव निघालं की जाणकार मंडळी एक वाक्य हमखास टाकतात. "वॉरलॉक सोडल्यावर १९८९ साली तिचा पहिला सोलो अल्बम आला, 'फोर्स मॅज्योर'." हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. अहो, तिनं वॉरलॉक सोडलाच कधी?

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये १९८२ साली हा बँड उभा राहिला. १९८४ ते १९८७ मध्ये चार अल्बम आले, चारही तिच्याच आवाजात. पाचव्याच्या वेळी 'वॉरलॉक' या नावाचा कायदेशीर हक्क निघाला जुन्या मॅनेजरच्या हातात. झालं! गाणार ही, पाटी त्याची. मग कव्हरवर नुसतं 'डोरो' छापलं. एखाद्याच्या घराला कुलूप ठोकायचं आणि वर म्हणायचं, "हल्ली वेगळा राहतो हो तो!"

यावर लगेच उत्तर येतं, की बाकीचे जुने गडी गेले होते ना, मग सोलोच की. गेले होते, मान्य. पण माणसं त्याआधीही बदलतच होती. १९८७ च्या 'ट्रायम्फ अँड ॲगनी'पर्यंत गिटारवाले, बासवाले बदलून झाले होते, तेव्हा कुणी सोलो म्हटलं नाही. उलट त्या अल्बमचा बासिस्ट टॉमी हेन्रिक्सन आणि निर्माता जोई बॅलिन, दोघंही 'फोर्स मॅज्योर'वर आहेत. बदललं काय, तर पाटी. (सुरुवातीलाच प्रोकॉल हारमचं गाणं का घेतलं, हे मला अजून झेपलेलं नाही. असो.)

आणि नाव तरी बघा! फोर्स मॅज्योर म्हणजे आपल्या प्रत्येक करारात शेवटी असतं ते कलम, आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीचं.

मी इतका का चिडतो? आधीच्या नोकरीत दोन वर्षं खपून एक टूल लिहिलं, बारसंही मीच केलं. सोडताना कोड तिथेच राहिला, ते ठीकच, पगार घेतला होता. पण टूलचं नावसुद्धा रेझ्युमेवर टाकायचं नाही, म्हणाले. आता 'एक अंतर्गत प्रणाली' असं लिहितो. इंटरव्ह्यूत हे वाचताना स्वतःलाच खोटं वाटतं.

डोरोला वॉरलॉकचं नाव परत मिळालं २०११ मध्ये. बावीस वर्षांनी! तोवर जग तिला डोरो म्हणूनच ओळखायला लागलं होतं.

माझ्या हार्ड डिस्कवर 'डोरो' आणि 'वॉरलॉक' असे दोन फोल्डर आहेत. 'फोर्स मॅज्योर' दुसऱ्यात आहे, पाचव्या नंबरवर.