एक ओळ कोरडी ठेवा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे तासगावच्या आसपास राहतात, त्यांनी एक गंमत पाहिली असेल. ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. डोळे एकसारखे फुटायला वेलीला जेवढी थंडी हवी, तेवढी आपल्याकडे पडत नाही, म्हणून हा खटाटोप. आणि त्याच शिवारात कोणी जानेवारीच्या आरंभी उन्हाळी भुईमूग पेरायची घाई केली, तर थंडी फार झाली म्हणून दाणे उगवत नाहीत! द्राक्षाला जी थंडी पुरत नाही, तीच भुईमुगाला सोसत नाही.

जमिनीचे तापमान 18 अंश सेल्सिअसच्या खाली असले की भुईमुगाचा दाणा रेंगाळतो, कित्येकदा कुजतो. ओळीत नांग्या पडतात आणि महागाचे बियाणे मातीत जाते. थंडी ओसरू लागल्यावर, साधारणपणे 15 जानेवारीनंतर पेरा, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. पण पाण्याची सोय पाहावी लागते. प्रत्येकाला थांबता येत नाही. मग मनात येते, बियाण्यालाच थंडी सोसायला शिकवता आले तर?

ही कल्पना भाबडी नाही. कोरड्या बियाच्या पेशींभोवतीची पटले विस्कटलेली असतात. बी पाणी पिऊ लागले की ती पुन्हा नीट जुळतात. परंतु पाणी थंड असेल तर पटलांतील स्निग्ध द्रव्ये ताठर राहतात, जुळणी रखडते आणि पेशीतील साखर व क्षार बाहेर झिरपतात. त्या साखरेवर मातीतली बुरशी ताव मारते. पेरणीपूर्वीच उबदार जागी बी भिजवून सावलीत सुकवले, तर हा नाजूक काळ मातीत जाण्याआधीच ओलांडला जातो. सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भिजवलेल्या मक्याची रोपे थंडीत अधिक तग धरतात, असेही प्रयोगांत आढळले आहे.

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती 'बीजप्रक्रिया' या शब्दात आहे. या एका शब्दात आपण तीन निराळ्या गोष्टी कोंबतो. थायरम किंवा ट्रायकोडर्मा लावले की बुरशीला आळा बसतो. नुसते भिजवले की बियाला पाणी आधीच मिळते, म्हणून ते लवकर उगवते. आणि रोपाची थंडी सोसण्याची शक्ती वाढणे ही तिसरीच गोष्ट. शेत हिरवे दिसले की आपण तिन्हींचे श्रेय एकाच पुडीला देऊन मोकळे होतो. पुढच्या वर्षी थंडी कडक पडते, पुडी कामाला येत नाही आणि शेतकरी फसतो.

हा गुंता तुम्ही शाळेतच सोडवू शकता. भुईमुगाचा दाणा फार वेळ भिजवून सुकवला तर त्याची साल सुटते, दाळी वेगळ्या होतात. म्हणून मका घ्या. मका घरचा, औषध न लावलेला हवा. दुकानातले रंगीत बियाणे विषारी औषध लावलेले असते, त्याला हात लावू नका. शंभर दाणे रात्रभर, म्हणजे 12 तास, साध्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवा. शंभर कोरडेच ठेवा. चार ट्रे घेऊन प्रत्येकात 50 दाणे सारख्याच मातीत, सारख्याच खोलीवर पेरा. भिजवलेल्यांचा एक आणि कोरड्यांचा एक ट्रे जानेवारीच्या थंडीत उघड्यावर ठेवा. तशीच दुसरी जोडी घरात उबेला ठेवा. रोज सकाळी तापमान आणि उगवलेले कोंब वहीत टिपा.

तुम्ही म्हणाल, थंडीचा प्रयोग, मग उबेतली जोडी कशाला? तिच्यातच सारे मर्म आहे. भिजवलेला मका दोन्हीकडे सारखाच पुढे असेल, तर त्याला फक्त आघाडी मिळाली. उबेत फरक थोडा आणि थंडीत मोठा पडला, तरच भिजवण्याने थंडीत मदत केली असे म्हणता येईल. दोन-चार कोंबांच्या फरकावरून मात्र निकाल देऊ नका. प्रयोग पुन्हा करा.

हा केवळ पोरखेळ नव्हे. वेल्समधील बँगोर येथील डी. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशातील शेतकऱ्यांबरोबर मका, भात आणि हरभरा यांवर काम केले. प्रश्न थंडीचा नव्हता, कोरडवाहू जमिनीतल्या उगवणीचा होता. शेतकऱ्यांनी आपल्याच रानात भिजवलेले आणि कोरडे बी शेजारी शेजारी पेरले आणि स्वतःच्या डोळ्यांनी फरक पाहिला.

शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदाच्या जानेवारीत मुलांकडून हा प्रयोग करून घ्यावा. आणि मुलांनो, 'आमच्या औषधाने थंडीतही उगवण झाली' असे कोणी सांगू लागला, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा : औषध न लावलेली ओळ कोठे आहे?