मँडोलिनचे सोवळे-ओवळे

आमच्या शेजारचे एक गृहस्थ गाण्यातले दर्दी म्हणून आळीत प्रसिद्ध आहेत. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने आतल्या खोलीत काहीतरी लावले होते. नुसती दोन मँडोलिन, बाकी साथ नाही की संगत नाही. मी चकली हातात धरून ऐकतच राहिलो. गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून पाच मिनिटे सोसले आणि निकाल दिला, "ही कसरत आहे. आणि तीही धड एका आखाड्यातली नाही. घटकेत हे, घटकेत ते!" नातवाने मुकाट्याने वाद्ये बंद केली.

यजमानांच्या घरी, तेही अनारशांच्या ताटासमोर, वाद घालणे बरे नव्हे म्हणून मी गप्प बसलो. आता संपादकांनी पाने दिली आहेत, तेव्हा बोलतो.

नातवाने लावले होते ते ख्रिस थीली आणि माइक मार्शल या दोन अमेरिकन वादकांचे 'इन्टू द कॉल्ड्रन' हे २००३ सालचे ध्वनिमुद्रण. त्या वेळी एक जण बाविशीचा पोर, तर दुसरा पंचेचाळिशीचा मुरलेला गडी. कॉल्ड्रन म्हणजे चुलीवरचा मोठा हंडा. टीकाकारांना 'खिचडी' म्हणायची सोय त्यांनी नावातच करून ठेवली आहे! या हंड्यात बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' आहे, चार्ली पार्करचे जॅझ आहे, फिडलवर वाजणारी जुनी नाचाची धून आहे. आमच्या गृहस्थांचा आक्षेप नेमका हाच. एक घर धरून राहू नये का, म्हणे!

पण मँडोलिनचे घर कोणते? नेपल्सच्या गल्लीत वाढलेले हे वाद्य. विवाल्डीने दोन मँडोलिनसाठी कॉन्चेर्तो लिहिला, मोझार्टने १७८७ च्या 'डॉन जोव्हानी'त नायकाच्या प्रणयगीताला हेच वाद्य दिले. पुढे ते अमेरिकेत गेले. तिथे केंटकीच्या बिल मन्रोने १९२३ साली बनलेले एक मँडोलिन न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेले पाहिले, ते घेतले आणि 'ब्लूग्रास' नावाचे संगीत त्याच्या जोरावर उभे केले. रिओमध्ये जाकॉब नावाचा वादक 'शोरो' असा वाजवी की लोकांनी त्याचे आडनावच 'दो बांदोलिम', म्हणजे 'मँडोलिनवाला', करून टाकले. आणि आपल्याकडे? संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर राग वाजवून दाखवले. यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी तर त्याच्या जोडतारा काढून, त्याला वीज जोडून, कर्नाटक संगीताच्या भर सभेत ते मानाने बसवले. जे वाद्य जन्मभर गावोगाव फिरले, त्याच्या वादकाने एकाच गावाचा दाखला का म्हणून दाखवायचा?

बाखविषयी तर आमचे सोवळे फारच गमतीचे आहे. 'गोल्डबर्ग' पियानोवर वाजले की आपण माना डोलावतो. परंतु १७४१ साली ते छापले गेले ते पियानोसाठी नव्हे. दोन मजली स्वरपट्टी असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी. पियानोत तारेवर हातोडी पडते. हार्प्सिकॉर्डमध्ये पिसाच्या देठाची नखी तार छेडते. म्हणजे नखीने छेडले जाणारे मँडोलिन हे त्या मूळ वाद्याचे सख्खे भावंड ठरते, आणि पियानो चुलत! दोन पट्ट्यांवरचे दोन हात दोन माणसांना वाटून दिले, तर त्यात भ्रष्टाकार तो कुठला? उलट एरवी एकमेकांत गुरफटणारे सूर दोन बाजूंनी सुटे ऐकू येतात, जणू दोन माणसे अंगणात बसून बोलत आहेत.

आता 'कसरत' या शब्दाकडे येतो, कारण खरा अन्याय तिथे आहे. मँडोलिनच्या आठ तारा, चार जोड्यांत, व्हायोलिनच्याच सुरांत लावलेल्या. पण व्हायोलिनला गज आहे, सूर हवा तितका लांबवता येतो. मँडोलिनचा सूर छेडल्याबरोबर विरायला लागतो. त्याला जिवंत ठेवायचे तर नखी सतत थरथरत ठेवावी लागते, नाहीतर पुढचा सूर वेळेवर आणावा लागतो. म्हणजे वेग ही इथे मिजास नसून पोटापाण्याची गरज आहे. त्यातून वाद्ये दोन आणि दोन्हींचा आवाज एकाच पट्टीतला. दोघेही एकदम बोलू लागले तर मासळीबाजार! म्हणून एक बोलत असताना दुसऱ्याने खाली उतरावे लागते. तो तारा छेडून लगेच बोटे सैल सोडतो आणि 'चक्' असा दबका ठोका देतो. त्या ठोक्यात तबलजी आला, त्याच्या जाड तारांत खर्ज आला. क्षणात भूमिका बदलते, मघाचा नायक आता सेवक होतो. वयात तेवीस-चोवीस वर्षांचे अंतर असूनही हे दोघे ही अदलाबदल अशी करतात की कोण कधी मागे सरला ते कळत नाही. गृहस्थांना ऐकू आली ती बोटांची धावाधाव. एकाने दुसऱ्यासाठी रिकामी ठेवलेली जागा ऐकू आली नाही.

सगळेच साजूक तुपातले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी वेग हाच विषय होऊन बसतो, दोघे एकमेकांना चिमटे काढत पळतात आणि ऐकणारा मागे राहतो. पण हा दोष काढायचा अधिकार आपल्याला कितपत? आपल्या जुगलबंदीत शेवटच्या दहा मिनिटांत काय चालते आणि टाळ्या कशाला पडतात, ते आठवून पाहावे. आलापीला टाळी वाजवणारी सभा मी तरी क्वचितच पाहिली.

आणि एका घराची शपथ आपल्यात तरी कोणी पाळली? गृहस्थांच्या दिवाणखान्यात भास्करबुवा बखल्यांची तसबीर आहे. बुवांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ, अशा तिघांकडून तालीम घेतली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशी तीन घरे. शिवाय १९१६ साली गंधर्व कंपनीच्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या. घटकेत ख्याल, घटकेत नाटक! त्या तसबिरीला गृहस्थ रोज हार घालतात. मग अमेरिकेतल्या पोराने बाख आणि पार्कर एका ताटात वाढले, तर विटाळ कशाचा? तेही ताट नीट मांडलेले. प्रत्येक पदार्थ आपापल्या चवीचा. जॅझचा झोल बाखमध्ये सांडत नाही.

हा लेख छापून आला की अंक मी गृहस्थांकडे नेऊन देणार आहे. ते वाचतील आणि भांडतील. भांडायला ते उत्तमच आहेत. प्रश्न त्यांच्या नातवाचा आहे. आमची भिंत एकच. पूर्वी संध्याकाळी त्याची दोन मँडोलिन भिंतीपलीकडून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायची. सौभाग्यवती पोळ्या लाटता लाटता ठेका धरीत. दिवाळीनंतर तो कानात बोंडे घालून ऐकतो. परवा जिन्यात भेटला तेव्हा विचारले, तर म्हणाला, "काका, आजोबांना त्रास होतो."