कर्ण्याचा तांबडा रंग आणि जंगलाची सावली

तांबडी वस्तू तांबडी का दिसते? “ती तांबडा प्रकाश परावर्तित करते आणि बाकीचे रंग शोषून घेते,” असे उत्तर दहावीचा कोणताही विद्यार्थी देईल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. वस्तूवर पडणारा प्रकाश पांढरा आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. वर्गात हे खपून जाते. अरण्यात खपत नाही. आणि रंगाविषयीची हीच अपुरी समजूत जंगलाविषयीच्या आपल्या हिशेबातही शिरली आहे, असे माझे मत आहे. एका पक्ष्याचे उदाहरण घेऊन पाहू.

सह्याद्रीच्या दाट अरण्यात, कोयना, आंबोली, गोव्यातील मोले अशा भागांत, कर्णा हा पक्षी राहतो. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर. नराचे डोके काळे, पाठ तपकिरी, छातीवर पांढरा पट्टा आणि त्याखाली सगळे पोट लालभडक. मादीचे पोट मात्र पिवळसर-बदामी. कर्णा ज्या ‘ट्रोगॉन’ कुलातला आहे, त्या कुलात चाळीसहून अधिक जाती असून त्या अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांच्या उष्ण प्रदेशांत आढळतात. ग्वाटेमाला देशाचा राष्ट्रीय पक्षी केत्साल हा याच कुलातला. त्या देशाच्या चलनालाही त्याचेच नाव आहे.

आता या रंगांचे पदार्थविज्ञान पाहा. पिसांना रंग दोन प्रकारांनी येतो. केत्सालचा झळाळणारा हिरवा रंग हिरव्या रंगद्रव्याचा नाही. पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून तो निर्माण होतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून रंग कसा उमटतो, या प्रश्नाने सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही ओढ लावली होती. आपल्या शेतांवरच्या तारांवर बसणाऱ्या नीलपंखाची पिसे तपासून त्यांनी १९३४ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला.

कर्ण्याचा तांबडा रंग मात्र दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे रंगद्रव्याचा आहे. हे रंगद्रव्य कॅरोटिनॉइड गटातले. गाजराचा रंगही त्याच गटातला. पक्ष्याच्या शरीराला कॅरोटिनॉइडे मुळातून तयार करता येत नाहीत. ती वनस्पती तयार करतात. पाने अळ्या खातात, अळ्या आणि इतर कीटक कर्णा खातो, आणि पानांतून आलेल्या या मालावर थोडी रासायनिक प्रक्रिया होऊन तो पिसांत उतरतो. म्हणजे कर्ण्याचा रंग हा मुळात जंगलाकडून घेतलेला आहे.

पण रंगद्रव्य असले म्हणजे रंग दिसतोच असे नाही. एक सोपा प्रयोग करा. तांबड्या कापडाकडे हिरव्या जिलेटिन कागदातून पाहा. कापड काळपट दिसेल. दाट अरण्यात जवळपास हेच घडते. डोक्यावरची पाने सूर्यप्रकाशातील निळा व तांबडा भाग बराचसा शोषून घेतात आणि खाली झिरपतो तो पिवळसर हिरवा प्रकाश. जॉन एंडलर या शास्त्रज्ञाने १९९३ साली जंगलातील प्रकाशाचे मोजमाप प्रसिद्ध केले. दाट छायेतला प्रकाश हिरवट, विरळ झाडीच्या सावलीतला निळसर, पानांमधल्या लहान फटीतून येणारा तांबूस-पिवळा आणि मोकळ्या जागेतला पांढरा, असे त्याला आढळले. म्हणून लालभडक पोटाचा कर्णा हिरव्या छायेत निश्चल बसला की चटकन दिसत नाही. त्यातून तो पुष्कळदा आपली तपकिरी पाठच आपल्याकडे करून बसतो! तोच पक्षी उन्हाच्या कवडशात आला की निखाऱ्यासारखा पेटतो. लपणे आणि मिरवणे, दोन्ही कामे एकाच रंगाने होतात. मात्र त्यासाठी ती विशिष्ट सावली शाबूत हवी.

आता मुद्द्याकडे येऊ. आपण जंगल मोजतो ते झाडांच्या संख्येने. एक झाड तोडले तर बदल्यात अमुक रोपे लावू, हा हिशेब आपल्या उपनगरांना चांगला परिचित आहे. रस्त्याकडेच्या झाडांपुरता तो एक वेळ मान्य करता येईल. डोंगरावरच्या जंगलाला तो लावणे साफ चूक आहे. उघड्या टेकडीवर ओळीने लावलेली गिरिपुष्पाची रोपे संख्येने भरतील. पण तेथे अनेक थरांची सावली नाही, नाना प्रकारच्या पानांवर वाढणारे नाना कीटक नाहीत आणि कुजकी खोडेही नाहीत. हे शेवटचे विसरू नका. कर्णा आपले घरटे कुजून मऊ झालेल्या खोडात कोरतो. ‘ट्रोगॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘कुरतडणारा’ असा आहे. वाळके, सडके झाड ‘साफ’ केले की झाडांच्या यादीत काहीच बिघडत नाही, पण एक घर जाते.

कोणी म्हणेल, “लावलेली रोपेही एक दिवस मोठी होतीलच ना?” होतील. स्थानिक जातींची मिश्र झाडे असतील, मेलेले खोड उभे राहू दिले आणि काही दशके वाट पाहिली, तर तेथे सावलीही येईल. म्हणजे वृक्षारोपण व्यर्थ नाही. परंतु उभे जंगल तोडण्याची भरपाई म्हणून ते पुढे करणे हा गणिताचा गैरवापर आहे.

शिक्षकांना एक सूचना. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पानगळ सुरू होण्याआधी, स्वच्छ उन्हाच्या दिवशी मुलांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात न्या. (आभाळ ढगाळ असेल तर प्रकाशातले हे फरक पुसट होतात.) एक पांढरा कागद दाट छायेत, विरळ सावलीत, कवडशात आणि उघड्या उन्हात धरून त्याची छायाचित्रे घ्या. डोळे बदलत्या प्रकाशाशी लगेच जुळवून घेतात, म्हणून कॅमेऱ्याचा ‘व्हाइट बॅलन्स’ एकाच जागी स्थिर ठेवा. नंतर हाच प्रयोग शाळेजवळच्या एखाद्या बागेत करा आणि छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवा. त्यानंतर मुलांना विचारा: झाडांच्या मोजणीत यातले काय काय सुटते? कर्णा दिसो वा न दिसो, या प्रश्नाचे उत्तर मुलांना स्वतःच्या प्रयोगातून मिळेल. उद्या हीच मुले नागरिक म्हणून अशा हिशेबांवर मत देणार आहेत.