‘हायपरबोली’ आपल्या घरातच आहे!

दहावी-बारावीचे मूल असलेल्या घरात एक वही हमखास सापडते. डावीकडे जडजंबाळ इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. शेवटच्या पानांवर ‘सिमिली’, ‘मेटाफर’ वगैरेंच्या व्याख्या. रोज वीस शब्द पाठ झालेच पाहिजेत, अशी पालकांची ताकीद. परीक्षा संपते, वही रद्दीत जाते आणि शब्दही तिच्याबरोबर जातात. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ओळख लवकर होऊ लागली, पण भीती ओसरलेली दिसत नाही.

याचे एक कारण असे, की इंग्रजीचा तास सुरू झाला की मुलाने आपले मराठी दप्तरात ठेवावे, अशी आपली अपेक्षा असते. वास्तविक ज्याला उपमा समजली, त्याला ‘सिमिली’ समजलेलीच असते. रूपक म्हणजे ‘मेटाफर’, अनुप्रास म्हणजे ‘अलिटरेशन’, चेतनगुणोक्ती म्हणजे ‘पर्सोनिफिकेशन’. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले आहेत. त्यांतही उपमा आणि रूपक आहेत. इतक्या जुन्या ओळखीची माणसे परक्या वेशात आली म्हणून बिचकायचे कशाला?

घरातल्या बोलण्याकडेच जरा कान द्या. ‘हजारदा सांगितलं, चपला बाहेर काढ,’ असे आई म्हणते, ती अतिशयोक्ती, तीच ‘हायपरबोली’. तासभर उशिरा आलेल्या नातवाला आजोबा ‘या, अगदी वेळेवर आलात!’ म्हणतात, ही ‘आयरनी’. सगळ्याच जोड्या अशा चपखल जुळत नाहीत. उत्प्रेक्षेला इंग्रजीत नेमके नाव नाही. ‘जणू’वर उभा असलेला हा अलंकार तिकडे बहुधा ‘सिमिली’तच जमा होतो. पण हा फरक मुलाच्या ध्यानात आला, तर त्याला दोन्ही भाषा अधिक कळल्या असेच म्हणायचे.

शब्दसंग्रहाचेही तसेच. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, संहार, परिहार कसे होतात, हे संस्कृतच्या तासाला शिकवतात. लॅटिनमध्ये ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे. ‘सोलस’ म्हणजे एकटा. म्हणून ‘सोलिलोक्वी’ म्हणजे नाटकातले स्वगत. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. म्हणून ‘सर्कमलोक्युशन’ म्हणजे आडवळणाचे बोलणे. ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबड्या. ‘व्हेंटर’ म्हणजे पोट. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’ म्हणजे शब्दशः पोटातून बोलणारा! एक धागा हाती आला की चार शब्द एकदम लक्षात राहतात.

पाठांतर मुळीच नको, असे नाही. स्पेलिंग घोकावेच लागते आणि वाक्यात वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही. मात्र भारदस्त शब्द शिकलो म्हणून तो निबंधात कोंबायचा, हा हव्यास सोडायला हवा. साध्या जागी साधाच शब्द शोभतो.

आज मोबाइलवर कोणत्याही शब्दाचा अर्थ क्षणात मिळतो. त्यामुळे अर्थ पाठ असण्याची मातब्बरी उरली नाही; शब्दाचे कुळ ओळखण्याची मात्र वाढली आहे. शाळांनी मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना वर्षातून काही तास एकत्र घ्यायला सांगावे. पालकांचे काम तर त्याहून सोपे आहे. रविवारच्या अंकातला एखादा मथळा मुलांबरोबर वाचावा आणि त्यातला अलंकार दोन्ही भाषांत ओळखावा. आपले मराठी ही इंग्रजीच्या वाटेतली अडचण आहे, असा समज मुलांच्या मनात आपण मोठ्यांनीच घातला. तो आता आपणच काढायला हवा.