गाडी बाबांची, स्टीअरिंगवर मुलगा

"साहेब, गाडी मीच चालवत होतो."

हे वाक्य मी किती वर्कशॉपमध्ये ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. गेली 24 वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. राहतो मुलुंडला, आणि भांडुप-घाटकोपरपासून अंधेरीच्या साकीनाक्यापर्यंत ठोकलेल्या गाड्या तपासत फिरतो. गेल्या पावसाळ्यात घाटकोपरला एक हॅचबॅक आली होती. डावा हेडलॅम्प, फेंडर, रेडिएटर, सगळं आत गेलेलं. मालक पन्नाशीतले, उंची जेमतेम सव्वापाच फूट. ड्रायव्हरची सीट मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली. तिथे बसून त्यांचा पाय क्लचला लागलाच नसता. शेजारी त्यांचा उंचापुरा मुलगा मान खाली घालून उभा.

क्लेम फॉर्म अजून कोरा होता. मी विचारलं, "याचं लायसन्स आहे ना?"

"आहे की. दीड वर्ष झालं."

"मग याचंच नाव लिहा. मुलाने चालवली म्हणून क्लेम जात नाही. खोटं लिहिलंत तर जाईल."

त्यांचा विश्वास बसेना. घरोघरी हाच समज आहे, की पॉलिसी बाबांच्या नावावर म्हणजे गाडी बाबांनीच चालवायची. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेला कोणीही चालवत असेल तर पॉलिसी लागू होते. लर्निंग लायसन्सवरही होते, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला, शिकवणारा माणूस हवा आणि गाडीला लाल 'एल' हवा. ब्रिटनमध्ये विशीच्या पोराचा प्रीमियम घराचं अंदाजपत्रक हलवतो, म्हणून काही पालक स्वतःला मुख्य चालक दाखवून पॉलिसी घेतात. तिथे ती फसवणूक धरली जाते. आपल्याकडे पॉलिसी घेताना गाडी कोण चालवणार हे सहसा कोणी विचारतच नाही. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम 2022 च्या दरपत्रकात 3,416 रुपये आहे. साठीच्या बाबांनाही तेवढाच आणि अठराच्या मुलालाही. म्हणून पॉलिसी घेताना खोटं बोललं जात नाही, अपघातानंतर बोललं जातं. तेही गरज नसताना.

बाबांचं नुकसान होतं ते नो क्लेम बोनसचं. पाच वर्षं क्लेम न करता जमवलेली 50 टक्के सूट एका क्लेमने शून्यावर येते. त्याची हळहळ मी समजू शकतो. पण माझी झोप उडवते ती वेगळी गोष्ट.

पॉलिसीत 'ओनर-ड्रायव्हर' नावाची एक ओळ असते. तिच्यासमोर 15 लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण लिहिलेलं असतं. 2018 मध्ये ही रक्कम वाढवली, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. हे पैसे फक्त गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी असतात. मालकाचा मुलगा, मुलगी, सून चालवत असेल तर त्यांना त्यातलं काही मिळत नाही. प्रवाशांसाठीचं जोड संरक्षण घेता येतं, पण त्याची रक्कम सहसा एक-दोन लाखांपुढे जात नाही.

आता पूर्व द्रुतगती महामार्गावर रात्री मुलाची गाडी दुभाजकाला धडकली असं धरा. गाडीची भरपाई मिळेल. रस्त्यावर कोणी जखमी झालं असेल तर त्याला थर्ड पार्टीतून मिळेल. चूक दुसऱ्या गाडीची असती, तर तिच्या विमा कंपनीकडे दावा करता आला असता. पण चूक मुलाची असेल तर त्याच्यासाठी, किंवा तो गेला तर त्याच्या आईवडिलांसाठी, थर्ड पार्टी विमा बांधील नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. मागून घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून एक तरुण गेला होता. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून मालकाच्या विमा कंपनीकडे तो तिसरा पक्ष म्हणून मागू शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. पण मालकाची जागा त्याच्याकडे जाते आणि पॉलिसीतल्या शब्दांप्रमाणे मालकाचे 15 लाख मात्र जात नाहीत, हे मला अन्यायाचं वाटतं.

विमा नियामकाने हे बदलायला हवं. प्रस्तावाच्या फॉर्मवर एकच प्रश्न वाढवा: घरातलं आणखी कोण ही गाडी चालवतं? त्या नावांना थोड्या जादा प्रीमियमवर तेच 15 लाख द्या. ब्रिटनसारखे वयावरचे दर मला नकोत. ते आले तर भांडुपच्या मध्यमवर्गीय घरातलं पोर शिकणारच नाही, किंवा लपून शिकेल.

अठराच्या आतल्या मुलांबद्दल मला कसलीही सबब ऐकायची नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण इंजिनीअर जिवानिशी गेले, तेव्हा गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. सोसायटीच्या आवारात पंधराच्या मुलाला कौतुकाने किल्ली देणाऱ्या वडिलांना मी हे थांबून सांगतो.

घाटकोपरच्या त्या गृहस्थांनी शेवटी मुलाचं नाव लिहिलं. क्लेम पास झाला. निघताना मी मुलाला विचारलं, तुझ्या नावावर अपघात विमा आहे का? नव्हता.

तुमच्या घरी कोणाचं नवं लायसन्स आलं असेल तर आज कपाटातून पॉलिसी काढा आणि 'ओनर-ड्रायव्हर'ची ती ओळ वाचा. तिथे तुमच्या मुलीचं किंवा मुलाचं नाव नाही. त्यांच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, आणि मगच किल्ली हातात द्या.