हात हलण्याआधी

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलीला फिट आली. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी "असर आहे" म्हणालं. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेतून नाव काढायला आली. "आपा, हिचं डोकंच बिघडलंय. शिकून काय करणार?"

मी तिला बसवलं, चहा दिला आणि अशाच मेंदूंनी जगाला काय शिकवलं ते सांगितलं.

आपण हात हलवतो, त्याआधी मेंदू त्याची तयारी करतो. जर्मनीत कॉर्नह्यूबर आणि डीके यांनी ही तयारी १९६५ साली डोक्यावर तारा लावून टिपली. पण कवटीबाहेरून एकेका पेशीचं काम कळत नाही.

ते कळलं मिरगीच्या रुग्णांमुळे. काहींना औषधं लागू पडत नाहीत. झटका नेमका कुठून उठतो हे शोधण्यासाठी त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवून त्यांना काही दिवस इस्पितळात ठेवतात. लॉस एंजेलिसचे मेंदूचे सर्जन इट्झाक फ्रीड यांनी अशा १२ रुग्णांची मदत घेतली. समोर घड्याळाचा काटा फिरतोय; वाटेल तेव्हा बटण दाबायचं, आणि दाबावंसं वाटलं तेव्हा काटा कुठे होता ते सांगायचं. २०११ साली निष्कर्ष छापून आले. रुग्णाला इच्छा जाणवण्याच्या सुमारे दीड सेकंद आधीपासून पेशींचं काम बदलू लागलं होतं. हालचालीची आखणी करणाऱ्या भागातल्या २५६ पेशींवरून ७०० मिलिसेकंद आधीच हा इरादा ओळखता आला, तोही शंभरात ८० हून अधिक वेळा. मग इरादा नक्की कधी होतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

"म्हणजे झटका येणारी माणसंच शिकवून गेली?" अम्मीनं विचारलं.

"हो. झटका थोड्या वेळाचा असतो. एरवी तोच मेंदू आखणी करतो, लिहितो, शिकतो."

माझ्या वाचक भगिनींनो, फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच इस्पितळ गाठा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

ती मुलगी आता नववीत आहे. गोळी वेळेवर घेते. भूमिती मात्र अजून आवडत नाही.