निव्वळ कारागिरी

मराठी समीक्षेला एखादी कविता मोडीत काढायची असली, की ती ठेवणीतला एक शब्दप्रयोग बाहेर काढते : ‘निव्वळ कारागिरी’. म्हणजे हात आहे, मन नाही. कौशल्य आहे, प्रतिभा नाही. गंमत अशी, की हीच समीक्षा एरवी कारागिरांच्या उसनवारीवर जगते. कथेची ‘वीण’ कोष्ट्याकडून आणायची, ‘बांधणी’ गवंड्याकडून, ‘घडण’ सोनाराकडून. आणि निवाडा देताना मात्र या सगळ्यांना उंबऱ्याबाहेर बसवायचे. हा दुटप्पीपणा मीही अनेक वर्षे इमानेइतबारे चालवला. तो ध्यानात आला जरीपटक्यातल्या घरी, संगणकाचे टेबल तयार होत असताना.

आधीचे टेबल तयार विकत आणलेले होते. लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांचे, वर लाकडाच्या रेषांचा कागद. अशा टेबलांची उंची तीस इंचांच्या आसपास असते. हाताने लिहिणाऱ्याला ती चालते; कळफलकावर बोटे चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती जास्त होते आणि खांदे नकळत वर चढतात. त्यावर उपाय म्हणून खाली सरकती फळी असते, तिच्यावर गुडघे आपटतात. त्यात नागपूरचा उन्हाळा, म्हणजे खिडकीत कूलर. ओलसर हवेचा झोत खाऊन तिसऱ्या वर्षी फळीच्या कडा भिजल्या पावासारख्या फुगल्या. हे टेबल कोणाच्या मापाचे होते? कोणाच्याच नाही. सरासरी माणूस नावाच्या एका अस्तित्वात नसलेल्या गृहस्थासाठी ते केलेले होते, आणि त्याचे भाडे माझी मान भरत होती.

मग मिस्त्री आले. त्यांनी आधी टेबलाविषयी काही विचारलेच नाही. ‘‘रोज बसता तसं बसा जी,’’ म्हणाले. कोपर दुमडायला लावले, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली : साडेसव्वीस इंच. मग प्रश्न. पडदा किती अंतरावरून वाचता? कूलर कोणत्या बाजूला? खण उजवीकडे हवा की डावीकडे? सागाच्या फळ्या जोडून केलेला वरचा पाट चौकटीला बसवताना स्क्रूची भोके त्यांनी गोल न ठेवता लांबट कोरली. मी कारण विचारले. लाकूड कापले तरी हवेतले पाणी पीत राहते. वैशाखात आकसते, श्रावणात फुगते. फळीची लांबी जवळजवळ तशीच राहते, रुंदी बदलते. तिला हलायला जागा ठेवली नाही, तर ती स्वतःच फाटून जागा करून घेते.

शरीर, लाकूड आणि हवामान या तिहींचा एकत्रित विचार याला ज्ञान म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे? हीच गोष्ट इंग्रजीत आकृत्यांसह छापली, की तिला ‘एर्गॉनॉमिक्स’ म्हणतात आणि तिचे अध्यासन निघते. मिस्त्रींच्या तोंडी ती ‘सवय’ ठरते.

आता माझा भाग. आरामशीनवाल्याने घनफुटाच्या हिशेबाने सागाचे पैसे सांगितले, ते मी मुकाट्याने दिले. घासाघीस केली ती दोन दिवसांच्या मजुरीवर. लाकडाला भाव असतो. हाताला नसतो, असा माझा पक्का समज होता. वर, पाहुण्यांना मी सांगू लागलो, ‘‘हे टेबल मी घरीच केले.’’ वस्तुतः मी दोन संध्याकाळी पॉलिशपेपर घासला होता.

कोणी म्हणेल, ही भाषेची रीत आहे. ‘मी घर बांधले’ म्हणणाऱ्याने विटा रचल्या, असे कोणीच समजत नाही. खरे आहे. आपण ‘डोळ्याचे ऑपरेशन केले’ असेही म्हणतो. पण पुढच्याच वाक्यात कोणाकडे केले ते सांगतो, डॉक्टरांचे नाव पदवीसकट घेतो. ‘करून घेतले’ हे क्रियापद मराठीत आहे. ते कुठे वापरायचे आणि कुठे गिळायचे, हे व्याकरण ठरवत नाही. समोरच्याची जात आणि ऐपत ठरवते.

हे नवीन नाही. गावगाड्यात सुतार बलुतेदारांच्या थोरल्या कासेतला. त्याच्यावाचून नांगर चालत नव्हता. पण त्याची विद्या ‘विद्या’ म्हणून शाळेत शिरली नाही. जरीपटक्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात गांधींनी शिक्षण परिषद भरवली, ती नेमके हे मोडण्यासाठी. हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम, असा तो विचार. पुढे झाकिर हुसेन समितीने आखलेल्या उद्योगांत सुतारकामही होते. आपण काय केले? शाळेच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा एक तास ठेवला आणि तोही बहुधा गणिताच्या सरांना उसना दिला.

माझ्या वस्तीचे नावच पाहा. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. ते कोणाला बहाल झाले, कोणत्या मोहिमेवर गेले, हे बखरी सांगतात. ती जर कोणी विणली, हे विचारायचे कोणाला सुचले नाही. 2023 मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येला गेला, तेव्हाही आपण अभिमानाने लाकडाचे गाव सांगितले. त्यावर पटाशी चालवणारे हात पुन्हा बेनावच राहिले.

आणि हल्ली याला एक नवे वळण आले आहे. अभियंत्याने शनिवार-रविवारी ड्रिल हाती घेऊन शेल्फ ठोकले, की तो ‘सर्जनशील छंद’ असतो. मिस्त्रीने जन्मभर तेच केले, तर तो ‘पोटापाण्याचा धंदा’. वस्तू एकच, करणारा बदलला की तिचे मूल्य बदलते. ‘निव्वळ कारागिरी’ या शिव्येचा उगम साहित्यशास्त्रात शोधण्याची गरज नाही. तो इथे आहे.

मिस्त्रींचे कापलेले पैसे मी महिन्याने नेऊन दिले. यात थोरपणा काही नाही. देणे होते, उशिरा फिटले. समीक्षेचे देणे मोठे आहे. तिने कारागिरी हा शब्द दूषण म्हणून वापरणे थांबवावे. ते जमत नसेल, तर वीण, बांधणी आणि घडण हे शब्द ज्यांचे आहेत, त्यांना परत करावेत आणि मग उरलेल्या शब्दांत एक परीक्षण लिहून दाखवावे.